फॅट किती लागली?

सकाळी साडेसहाला दूध संकलन केंद्रासमोर किटल्यांची रांग लागते. दूध घालून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला जातो, "फॅट किती लागली?" तो हातातल्या चिठोऱ्याएवढ्या पावतीकडे बघून सांगतो, "तीन-चार." म्हणजे 3.4. "आणि डिग्री?" "सव्वीस." मग दोघेही गप्प होतात, कारण दोघांच्याही डोक्यात हिशेब सुरू झालेला असतो. आपल्याकडे गाईच्या दुधाचा दर बोलला जातो तो 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ (दुधातले फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) या जोडीवर. त्याखाली घसरलं की कपात. शेण, चारा, पाणी, अडलेल्या गाईजवळ जागून काढलेल्या रात्री, सगळं त्या दोन आकड्यांत येऊन उभं राहतं.

मी त्याच रांगेत किटली घेऊन वाढलो. काचेचा लॅक्टोमीटर दुधात सोडला की तो किती वर तरंगतो, हे टाचा उंचावून बघायचो. पुढे नोकरी कारखान्यांच्या तपासणी विभागात झाली, व्हर्निअर आणि मायक्रोमीटर हाताळण्यात. तिथे पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं की माल मोजण्याआधी मापाचं साधन तपासायचं. सुट्टीत गावी गेल्यावर ते आठवायचं आणि वाटायचं, लोखंडाच्या बुशला लावलेला हा नियम आमच्या आबांच्या दुधाला कधी कुणी लावला नाही.

लॅक्टोमीटर दुधाची घनता सांगतो. गाईचं निर्भेळ दूध पाण्यापेक्षा साधारण तीन टक्के जड असतं, म्हणून डिग्री 28 ते 32 च्या आसपास येते. पाणी घातलं की ती उतरते. पण फॅट पाण्याहूनही हलकी असते. वरची साय काढून घेतली की उरलेलं दूध आणखी जड होतं आणि डिग्री चढते. मग बेताने पाणी ओतलं की ती पुन्हा जागेवर. दोनदा लबाडी झालेलं दूध एका मापाच्या परीक्षेत सहज पास होतं. डिग्रीच्या जोडीला फॅट मोजावीच लागते ती यासाठी.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात दुधाचे पैसे वजनावर मिळत. पाणी घालणारा आणि कसदार दूध देणारा, दोघांना एकच भाव. अशा व्यवहारात चांगली गाय पाळण्यात शहाणपण उरत नाही. तिथल्या विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ स्टीफन बॅबकॉक यांनी 1890 मध्ये एक सोपी पद्धत प्रसिद्ध केली. दुधात सल्फ्युरिक आम्ल घालायचं, बाटली यंत्रात गरगर फिरवायची आणि मानेत जमलेली फॅट रेघांवर वाचायची. त्यांनी तिचं पेटंट घेतलं नाही, कुणीही वापरावी म्हणून ती खुली ठेवली. मोजमापाच्या इतिहासात मला हा सर्वांत मोठ्या मनाचा प्रसंग वाटतो.

त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये निकलाउस गर्बर यांनी अशीच पद्धत बसवली आणि भारतातल्या डेअऱ्यांमध्ये तीच रुजली. 10 मिलिलिटर आम्ल, त्यावर अलगद 10.75 मिलिलिटर दूध, वर 1 मिलिलिटर अमाइल अल्कोहोल. बूच लावून हलवलं की काचेची ती बाटली, म्हणजे ब्यूटिरोमीटर, हाताला चटका बसेल इतकी तापते. चार-पाच मिनिटं सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून ती 65 अंशांच्या पाण्यात ठेवायची. नंतर बाटली डोळ्यांसमोर धरली की फॅटचा पिवळसर थर रेघांच्या मध्ये स्वच्छ उभा दिसतो. काम आम्लाचं, धोक्याचं आणि वेळखाऊ. पण त्यात एक गोष्ट फार मोलाची होती. दूध संस्थेच्या सचिवाने वाचलेला आकडा शेतकऱ्यालाही वाचता येत होता.

आता बहुतेक केंद्रांवर अल्ट्रासाउंडचं यंत्र आहे. ते दुधातून ध्वनिलहरी सोडतं आणि त्या कशा जातात यावरून मिनिटभरात फॅट, एसएनएफ, पाण्याचं प्रमाण पडद्यावर दाखवतं. मी या यंत्राच्या विरोधात मुळीच नाही. रोज दोन वेळा शे-दीडशे नमुने आम्लाने तपासणं माणसाला झेपणारं नाही. पण हे यंत्र फॅट वेगळी काढून मोजत नाही. आधी ज्या नमुन्यांवर त्याला जुळवलं, त्यांच्या आधाराने ते अनुमान करतं. म्हणून ते वेळोवेळी गर्बरच्या उत्तराशी ताडून पाहावं लागतं. आत दुधाचा थर बसू नये म्हणून ठरलेल्या द्रावणाने रोज धुवावं लागतं. ही दोन कामं चुकली तर यंत्र हळूहळू सरकतं आणि पडद्यावरचा आकडा पूर्वीइतक्याच ठामपणे दिसत राहतो.

चूक यंत्रापर्यंत पोचण्याआधीही होते. किटली थोडा वेळ स्थिर राहिली की फॅट वर येऊ लागते. दूध न ढवळता वरून नमुना घेतला तर एक आकडा, तळातून घेतला तर दुसरा. नुकत्याच काढलेल्या धारोष्ण दुधात हवा असते आणि फॅट पातळ असते, त्यामुळे डिग्री कमी भरते. तेच दूध थंड होऊ दिलं की वाढते. जिथे एसएनएफ सूत्राने काढतात तिथे डिग्रीचा चौथा भाग, फॅटचा ठरावीक हिस्सा आणि एक स्थिरांक यांची बेरीज करतात. वेगवेगळ्या ठिकाणी हा स्थिरांक वेगवेगळा धरला जातो. तो बदलला की गोठ्यातलं दूध तेच राहतं आणि कागदावरचं बदलतं.

वजनाचंही तसंच. काटा 100 मिलिलिटरपर्यंतच दाखवत असेल आणि खालचं सोडून देत असेल, तर एका खेपेला सरासरी 50 मिलिलिटर जातं. दिवसाला दोन खेपा धरल्या तर वर्षाला साडेछत्तीस लिटर. दोनशे उत्पादकांच्या केंद्रात 7,300 लिटर. इथे कुणी चोरी केलेली असायलाच हवी असं नाही, काट्याची बारीकी तेवढी कमी असली की पुरे. 10 मिलिलिटरपर्यंत मोजणारा काटा हवा आणि फॅटची यंत्रं त्रयस्थाने तपासावीत, हा शेतकऱ्यांचा आग्रह गुणवत्ताशास्त्राच्या पहिल्या धड्यातलाच आहे.

आकडा बरोबर आला तरी तो वाचायचा कसा, हा प्रश्न उरतोच. काल 3.6, आज 3.4. शेतकरी म्हणतो यंत्र बिघडलं, सचिवाला वाटतं याने पाणी घातलं. खरं तर एकाच गाईची फॅट रोज थोडी हलतेच. पहिल्या धारा पातळ असतात आणि शेवटच्या सर्वांत कसदार, म्हणून शेवटचं दूध वासराला सोडलं की फॅट उतरते. रात्रीचं अंतर लांबलं की सकाळी दूध जास्त आणि फॅट कमी. अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीतले वॉल्टर श्युहार्ट यांनी 16 मे 1924 रोजी जेमतेम एका पानाच्या टिपणात नियंत्रण आलेखाची कल्पना मांडली. नेहमीच्या चढउताराची एक पट्टी आखायची. आकडा पट्टीच्या आत हलत असेल तर धावपळ करायची नाही, बाहेर गेला की त्याच दिवशी कारण शोधायचं. हेच श्युहार्ट 1947-48 मध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून भारतात आले होते आणि त्यानंतर कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने हे तंत्र इथल्या कारखान्यांत नेलं. गोठ्यापर्यंत मात्र ते पोचलं नाही. महिन्याच्या साठ पावत्या तारखेवार एका वहीत उतरवल्या तर ही पट्टी कुणालाही दिसेल. सकाळ-संध्याकाळचे आकडे मात्र वेगळे मांडायचे, नाहीतर पट्टी फसवते.

मोजमापाची एक भयंकर बाजूही आहे आणि तिची किंमत चीनने 2008 मध्ये मोजली. तिथे दुधातली प्रथिनं त्यातल्या नायट्रोजनवरून ठरवली जात. दुधात पाणी घालून वर मेलामाइन मिसळलं की नायट्रोजन वाढतो आणि प्रथिनं भरपूर दिसतात. मेलामाइन हे प्लास्टिकच्या उद्योगातलं रसायन आहे. ते बाळांच्या दुधाच्या भुकटीत गेलं. जवळपास 3 लाख मुलं आजारी पडली, अनेकांना मूतखडे झाले, सहा बाळं दगावली. आपल्याकडे एसएनएफ वाढवण्यासाठी युरिया, साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन घालणारे याच वाटेचे. ज्या आकड्यावर पैसे मिळतात, त्यावर हल्ला होणारच. म्हणून दर ठरवणाऱ्या मापावर पहारा ठेवणारी वेगळी मापं लागतात.

शिवाय आपण जे मोजत नाही ते नाहीसं होत नाही. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने 2018 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दुधाचे 6,432 नमुने तपासले. आरोग्याला घातक भेसळ सापडली ती फक्त 12 नमुन्यांत. मात्र अफ्लाटॉक्सिन एम-1 हे विष 368 नमुन्यांत मर्यादेपेक्षा जास्त होतं. ते येतं बुरशी लागलेल्या पेंडीतून आणि मक्यातून. फॅटच्या यंत्राला ते दिसत नाही. 3.5 आणि 8.5 चोख भरलेल्या दुधातही ते असू शकतं आणि उकळल्यानेही ते जात नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपण दूध मोजतो ते बहुतेक दर कापण्यासाठी, दूध सुधारण्यासाठी फार थोडं. केंद्रावर किटली पोचते तोवर जे घडायचं ते घडून गेलेलं असतं. दूध घडतं गोठ्यात. कासदाह, ज्याला गावात दगडी म्हणतात, ती सुजेच्या रूपाने दिसण्याच्या कितीतरी आधी दुधात उतरलेली असते. चार वाट्यांची एक साधी प्लास्टिकची थाळी मिळते. एकेका सडाचं दूध एकेका वाटीत काढायचं, तेवढंच द्रावण घालून गोल फिरवायचं. दूध चिकट झालं की तो सड आजारी. 1950 च्या दशकात कॅलिफोर्नियात निघालेली ही चाचणी गोठ्यात उकिडवं बसून मिनिटभरात होते. वेळेवर कळलं तर सड वाचतो आणि औषधाचा खर्चही. उपचार चालू असलेलं दूध बाजूला ठेवलं की प्रतिजैविकांचे अंश दुसऱ्याच्या लेकराच्या पेल्यात जात नाहीत. एका किटलीला पैसे कमी देण्यापेक्षा गावात अशा वीस थाळ्या वाटणं मला शहाणपणाचं वाटतं.

हा अंक वाचणाऱ्यांत डेअरीला दूध घालणारे असतील, संस्थांचे सचिव आणि संचालकही असतील. सचिवांना विनंती आहे की महिन्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सगळ्यांसमोर एकच नमुना गर्बरने आणि यंत्राने तपासा आणि दोन्ही आकडे फळ्यावर लिहा. दूध घालणाऱ्या माझ्या भावाबहिणींनो, येत्या दहा दिवसांचं बिल हातात पडेल तेव्हा दर विचारण्याआधी एवढं विचारा: यंत्र शेवटचं कधी तपासलं, कशाशी ताडून पाहिलं आणि त्याची नोंद कुठे आहे?