तडजोडीच्या बैठकीपूर्वी

कर्जत व खालापूर तालुक्यांत लावणीचे दिवस आले की भातखाचरांच्या तंट्यांना तोंड फुटते. वरच्या खाचराचे पाणी खालच्या खाचरात केव्हा व कोठून सोडावयाचे, बांध कोणी कोरला, यावरून शब्द वाढतो. कर्जत तालुक्यात राजनाल्याच्या पाण्यावर उन्हाळी भात घेतात. तेथे टोकाच्या शेतकऱ्यास पाणी पोहोचते की नाही, हाच वाद असतो. १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली व असे तंटे गावातच मिटविण्याकरिता समित्या स्थापन झाल्या. तथापि बैठक मोडते ती पुष्कळदा तिच्या आधीच्या दोन-चार दिवसांतील चुकीमुळे.

कार्यकर्त्याने दोन्ही पक्षांची प्रथम स्वतंत्र भेट घ्यावी. एकाच्या पडवीत चहा घेऊन दुसऱ्याशी बांधावर उभ्या उभ्या बोलू नये; गाव हे सारे पाहत असते. कोणाशी नाते, भाऊबंदकी वा देवघेव असल्यास ती आरंभीच सांगावी व कोणा एकाची जरी हरकत आली तरी बाजूस व्हावे.

भेटीत मागणीमागची गरज विचारावी. ‘बांध माझा’ ही मागणी झाली. रोपे सुकण्यापूर्वी पाणी मिळावे, ही गरज. सातबारा, गटाचा नकाशा, मोजणी झाली असल्यास तिची प्रत, अशी कागदांची एकच यादी दोघांस द्यावी. कागदाचा अर्थ दोघांसही सांगावा, डाव कोणासही शिकवू नये. एकाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीवाचून दुसऱ्याच्या कानी घालू नये. ‘मी किती सोडू?’ असे कोणी विचारल्यास निर्णय त्याचाच आहे असे सांगून तालुका विधी सेवा समितीकडे पाठवावे. स्त्रियांना व अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तेथे कायद्याचा सल्ला विनामूल्य मिळतो. सातबाऱ्यावर बहिणींची नावे असतील तर त्यांनाही भेटावे. ही गोष्ट नेहमी विसरली जाते.

कातकरी वा ठाकूर कुटुंब एका बाजूस असेल तेथे मात्र समान वागणूक पुरेशी होत नाही. वीटभट्टीसाठी ज्याच्याकडून उचल घेतली, त्याच्याच समोर बसून ‘नाही’ म्हणणे किती कठीण! म्हणून अशा माणसास एकट्यास गाठून, तो स्वेच्छेने येत आहे काय हे विचारावे. नकार दिल्यास तहसील व न्यायालयाची वाट मोकळीच राहते, हेही सांगावे. तो भीत असल्यास बैठक बोलावूच नये. याला कोणी पक्षपात म्हटले तरी चालेल.

काही गोष्टी तडजोडीच्या कक्षेबाहेरच्या आहेत, त्या दोघांस आधीच सांगाव्यात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३६-अ नुसार आदिवासीची जमीन पूर्वपरवानगीशिवाय बिगर-आदिवासीकडे विक्री, गहाण वा अदलाबदलीने जाऊ शकत नाही; गावाने सह्या केल्या तरी तसा करार टिकत नाही. उचल फिटेपर्यंत राबण्याची अटही घालता येत नाही. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली असून तसा प्रकार दिसल्यास तहसीलदारांस कळवावे.

मोजणीचा अर्ज प्रलंबित असेल तर हद्दीचा विषय तूर्त बाजूस ठेवून, हक्कास बाध न येता केवळ या हंगामापुरती पाण्याची पाळी ठरविण्यास दोघे तयार आहेत काय, हे दोघांसही एकाच दिवशी विचारावे. रोपे मोजणीदाराची वाट पाहत नाहीत.