एप्रिलमधली उजळणी

पहाटे 5:15
कणीक मळता मळता सातवीचं ‘इतिहास व नागरिकशास्त्र’ ओट्यावर उघडं. पुस्तक पाठ आहे, पण परीक्षा पुढच्या सोमवारी आहे आणि पोरांपेक्षा मलाच धाकधूक. पहिल्या पाठावर पिठाचं बोट उमटलं.

6:10
नगर मागे पडून स्कूटी पाथर्डी रस्त्याला लागली की डोंगरावर चांदबीबी महाल दिसतो. तो महाल नाही आणि चांदबीबीचाही नाही. निजामशाहीचा वजीर सलाबतखान याची ती कबर. चांदबीबीने 1595-96 मध्ये मोगलांशी झुंज दिली ती खाली शहरातल्या भुईकोट किल्ल्यात. पण गावोगावी विचारा, महाल तिचाच.

7:00
परिपाठ. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, उद्देशिका. पोरं एका श्वासात ‘सार्वभौम समाजवादी धर्मनिरपेक्ष लोकशाही गणराज्य’ म्हणून मोकळी होतात. सातवीचा पट 27, हजर 16. बाकीची कांद्यात. गावरान कांदा काढणीला आला की आमच्याकडे हजेरीपटाला गळती लागते.

7:40
आज पहिल्या पाठापासून. इतिहासाची साधने किती? “तीन! भौतिक, लिखित, मौखिक!” उत्तर इतकं झटकन आलं की संशय आला. म्हणून महालाचं काढलं. वास्तू म्हणजे भौतिक साधन, ती सांगते कबर आहे. लोक सांगतात महाल. मग खरं काय? मागच्या बाकावरचा एक जण, एरवी खिडकीबाहेर बघणारा, उठून म्हणाला, “मॅडम, रस्त्यावरच्या पाटीवर चांदबीबी महाल लिहिलंय. मग ते लिखित साधन झालं ना?”

झालं. लिहिलेलंही तपासून घ्यावं लागतं, हे मी वर्षभर सांगितलं होतं म्हणा. पण कुणाच्या डोक्यात ते असं आडवं आलेलं आज पाहिलं. वीस मिनिटं त्यातच गेली. गेली तर गेली.

8:30
मौजा, कसबा, परगणा. इथे सोपी युक्ती आडनावांची. मौजाचा प्रमुख पाटील, वसुलाचा हिशेब ठेवणारा कुलकर्णी, परगण्याला देशमुख आणि देशपांडे. वर्गात दोन पाटील आहेत, त्यांनी लगेच कॉलर ताठ केली. मग गनिमी कावा. त्यासाठी पुस्तकाबाहेर जावं लागत नाही, भातवडी आमच्याच तालुक्यात. 1624 मध्ये मलिक अंबरने तिथे मोगल आणि आदिलशाहीच्या एकत्र फौजेला धूळ चारली. शहाजीराजे त्या लढाईत होते, त्यांचे धाकटे भाऊ शरीफजी तिथेच पडले. तळ्याचं पाणी शत्रूच्या तळावर सोडलं म्हणतात. तळं सगळ्यांनी पाहिलंय, पोहायलाही गेलेत. लढाई आत्ता कळली.

चौथाई म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा आणि सरदेशमुखी म्हणजे दहावा, हे फळ्यावर लिहिलं तेव्हा पुढच्या बाकावरची एक मुलगी वहीत भराभर उतरवत होती. दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेली, गेल्या गुरुवारी परतली. मी ज्याला उजळणी म्हणतेय ते तिच्या कानावर पहिल्यांदाच पडतंय. तिने हळूच विचारलं, “म्हणजे मुकादमाच्या कमिशनसारखं?”

तसं नाही म्हटलं. चौथाई घेऊन त्या मुलखाला इतरांच्या स्वाऱ्यांपासून सांभाळण्याची हमी असायची. “मुकादमबी म्हणतो, मी सांभाळतो,” ती म्हणाली. वर्ग हसला. मी फळ्याकडे वळून उगाच खडू शोधला.

9:40
खिचडी. मावशींनी आज मटकी टाकलीय. मुख्याध्यापक ऑनलाइन माहिती भरताहेत, रेंज गेली म्हणून त्यांचा मोबाईल खिडकीच्या गजाला टांगलेला.

10:15
नागरिकशास्त्र. गणराज्य म्हणजे राष्ट्रप्रमुख वारसाने येत नाही, निवडून येतो. “मग सरपंचकीचं काय? आधी तात्या, मग काकू, आता दादा,” एकाचा मुद्दा. निवडूनच आले ना, म्हणून वेळ मारून नेली.

मूलभूत हक्क आणि मार्गदर्शक तत्त्वं यांत पोरांचा दरवर्षी घोळ होतो. मी एकच उदाहरण देते, शाळेचं. शिक्षण आधी मार्गदर्शक तत्त्वांत होतं. सरकारने द्यावं, एवढंच. 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने ते 6 ते 14 वयाच्या मुलांसाठी हक्क झालं, कायदा 2009 चा, अंमल 1 एप्रिल 2010 पासून. हक्क म्हणजे नाही मिळाला तर कोर्टात जाता येतं. हे सांगताना मी पुढच्या बाकाकडे बघायचं टाळलं.

11:30
शाळा सुटली. तिला थांबवून माझ्याकडची मागच्या वर्षीची भरलेली वही दिली. “सगळं लिहून काढू नको, तारे केलेलं वाच.” “परत कधी देऊ?” राहू दे म्हटलं.

दुपारी 3:00
पेपर काढायला बसले. जिल्ह्याचं नाव अहमदनगर लिहायचं की अहिल्यानगर, हा पोरांचा 2024 पासूनचा प्रश्न. आजचा जिल्हा म्हणून विचारलं तर अहिल्यानगर, निजामशाहीच्या पाठात अहमदनगर. चौंडीच्या अहिल्याबाईंवर एक टीप घातली. ‘चौथाई म्हणजे काय’ खोडून ‘चौथाई का घेत असत’ केलं.

रात्री 8:50
वर्गाच्या ग्रुपवर तिच्या वडिलांच्या नंबरवरून आवाज आला. मागे कुत्रं भुंकतंय, भांडी वाजताहेत. “मॅडम, मौखिक साधनात जात्यावरच्या ओव्या दिल्यात. आमच्या आज्जीला लई येतात. पण तिला तारीख सांगता येत नाय. चालतंय का?”

चालतंय, म्हणून पाठवलं. उद्या दोन ओव्या लिहून आण, असंही.