नोंदी तुमच्या, फाइल कोणाची?

गॅसचा ग्राहक क्रमांक, वाण्याची यादी, भिशीचा हिशेब, वाचताना आवडलेला उतारा... सगळं आता फोनमधल्या नोट्स ॲपमध्ये जातं. ॲप निवडताना मात्र बहुतेक जण रंग, विजेट आणि फुकट की विकत एवढंच बघतात. मी आधी बघतो, लिहिलेली नोंद साठते कुठे आणि कोणत्या स्वरूपात. आज ना उद्या ॲप बदलायची वेळ येतेच, आणि तेव्हा सोबत काय नेता येईल हे यावरच ठरतं.

एव्हरनोटचंच घ्या. २००८ साली आलेल्या या ॲपवर लोकांनी वर्षानुवर्षांची कात्रणं साठवली. २०२२ च्या अखेरीस इटलीतली बेंडिंग स्पून्स कंपनी ते विकत घेत असल्याचं जाहीर झालं आणि डिसेंबर २०२३ पासून फुकट खात्याला ५० नोंदी आणि एकच वही अशी मर्यादा आली. जुन्या नोंदी कोणी पुसल्या नाहीत, पण नवीन लिहायचं तर पैसे मोजा. गुगल नोटबुक तर २०१२ मध्ये बंदच झालं. कंपनीने धंदा बघितला, यात नवल नाही. अडकतो तो वापरणारा.

गुगल कीप किंवा नोशनमध्ये मूळ नोंद कंपनीच्या सर्व्हरवरच्या डेटाबेसमध्ये राहते. ऑब्सिडियनमध्ये प्रत्येक नोंद म्हणजे तुमच्याच फोल्डरमधली एक साधी मजकूर-फाइल. तिची मांडणी मार्कडाउन पद्धतीची. जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये आणलेली ही पद्धत अगदी सोपी आहे. ओळीआधी हॅशचं चिन्ह टाकलं की शीर्षक, शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन तारे दिले की तो ठळक. उद्या ऑब्सिडियन बंद पडलं, तरी ही फाइल नोटपॅडमध्ये उघडेल. जॉप्लिन आतून डेटाबेसच वापरतं, पण ते मुक्तस्रोत आहे आणि सगळ्या नोंदी मार्कडाउनमध्ये बाहेर काढून देतं.

स्वरूपाची ही कटकट मराठी माणसाला नवी नाही. युनिकोड रुळण्याआधी श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर आठवा. त्यात देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत. फॉन्ट नसला की पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. कितीतरी संस्थांच्या स्मरणिका अजून कन्व्हर्टरच्या प्रतीक्षेत पडून आहेत.

युनिकोड आलं म्हणून सगळं मिटलं असंही नाही. ‘भाकऱ्या’ हा शब्द घ्या. यातला ‘ऱ्य’ दोन प्रकारे साठवता येतो. एकात खाली टिंब असलेला ‘ऱ’, हलन्त आणि ‘य’. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त, मग झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह, आणि ‘य’. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात, आत मात्र वेगवेगळे अंक असतात. फोनच्या कीबोर्डने एका प्रकारे लिहिलं, लॅपटॉपच्या कीबोर्डने दुसऱ्या प्रकारे शोधलं, आणि ॲपने दोन्ही एकच मानण्याची तजवीज केलेली नसेल, तर उत्तर येतं, ‘काही सापडलं नाही’. भाकऱ्यांची नोंद समोर असूनही! इंग्रजीतून लिहिलेल्या परीक्षणांत ही चाचणी कोणी करत नाही. ती आपणच करायची.

मग सिंकचा प्रश्न. खंडाळ्याच्या बोगद्यात रेंज जाते, तुम्ही फोनवर यादीत दोन ओळी वाढवता, तेवढ्यात घरी कोणीतरी लॅपटॉपवर तीच यादी बदलतं. काही ॲप शेवटचा बदल ठेवतात आणि आधीचा गिळतात. काही दोन्ही प्रती समोर टाकून निवाडा तुमच्यावर सोपवतात. हे जास्त प्रामाणिक. बदल आपोआप जुळवणाऱ्या रचनांना संगणकशास्त्रात सीआरडीटी म्हणतात. इंक अँड स्विच या संशोधन गटाने २०१९ मध्ये ‘लोकल-फर्स्ट’ सॉफ्टवेअरचा आग्रह धरला, तो याच रचनांच्या भरवशावर. मूळ प्रत तुमच्या यंत्रावर, सर्व्हरकडे फक्त निरोप्याचं काम. नोशनमध्ये इंटरनेटशिवाय काम करण्याची सोय थेट २०२५ मध्ये आली.

माझा कौल असा. वाण्याची यादी आणि रिमाइंडर यांसाठी कीप उत्तम. झटपट उघडतं, घरच्यांबरोबर वाटून घेता येतं. दहा वर्षांनी लागेल असं लेखन ऑब्सिडियन किंवा जॉप्लिनमध्ये ठेवा. पासवर्ड आणि पिन यांतल्या कशातच नकोत, त्यासाठी पासवर्ड मॅनेजर असतात.

आणि नवं ॲप घेतलंत की पहिल्याच दिवशी त्यात चार नोंदी टाका. एक मराठी, एक फोटोची, एक खुणांच्या यादीची, एक लांबलचक. त्या एक्सपोर्ट करून संगणकावर साध्या एडिटरमध्ये उघडा. मराठी नीट वाचता आलं, फोटो सापडला, तरच जुन्या नोंदी हलवायला घ्या.