डू-मान कोणाकडे बघतो?

आज आपण एकाच सिनेमाचा शेवट घेऊन बसणार आहोत. बोंग जून-हो या कोरियन दिग्दर्शकाचा २००३ सालचा ‘मेमरीज ऑफ मर्डर’. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांनी इथेच थांबावं, आधी सिनेमा बघून यावं. आपण सगळंच सांगून टाकणार आहोत.

हा सिनेमा संपला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : मग खुनी कोण? तो कारखान्यातला मुलगाच ना? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर आज आपल्याकडे आहेसुद्धा. पण ते उत्तर मिळाल्यावरही शेवट सुटत नाही, ही खरी गंमत. म्हणून आपण दुसऱ्या टोकाने सुरुवात करू.

आधी थोडी पार्श्वभूमी. दक्षिण कोरियात सोलच्या दक्षिणेला, ग्योंगी प्रांतात ह्वासंग नावाचा भाग आहे. तेव्हा सगळी भातशेती. १९८६ ते १९९१ या काळात तिथे दहा जणींचे खून झाले, शाळकरी मुलीपासून सत्तरी ओलांडलेल्या आजीपर्यंत. देशात लष्करी राजवट होती, आणि पोलिसांचं मनुष्यबळ मोर्चे मोडण्यात गुंतलेलं. सिनेमात ऐन मोक्याच्या रात्री बंदोबस्तासाठी माणसंच मिळत नाहीत. का, तर सगळी निदर्शनांवर पाठवलेली आहेत. हवाई हल्ल्याच्या सरावासाठी गावातले दिवे विझतात आणि त्याच अंधारात आणखी एक मुलगी जाते. बोंग यावर एका शब्दाचं भाष्य करत नाही. दिवे विझताना नुसते दाखवतो.

तपास करणारे दोघे. पार्क डू-मान हा गावचा हवालदारी वळणाचा अधिकारी (साँग कांग-होने काय काम केलंय!), आणि सोलहून आलेला सो ते-युन. डू-मानचा दावा असा की आपली नजर तयार आहे, माणसाच्या डोळ्यांत बघितलं की गुन्हेगार कळतो. ते-युनचा विश्वास कागदावर. कागद खोटं बोलत नाहीत, हे त्याचं ब्रीद.

आता सुरुवातीचाच एक छोटा प्रसंग बघा. पहिल्यांदा बघताना तो विनोदी वाटून निसटून जातो. पोलीस ठाण्यात दोन तरुण शेजारी शेजारी बसून कागदावर जबाब लिहिताहेत. एक बलात्कारी आहे, दुसरा पीडितेचा भाऊ, त्यानेच याला पकडून आणलंय. वरिष्ठ अधिकारी डू-मानला म्हणतो, तुझ्या नजरेचं एवढं कौतुक आहे ना, मग सांग बघू यातला कोण कुठला. डू-मान बघतो. आपणही बघतो. आणि दृश्य तोडलं जातं. उत्तर कधीच मिळत नाही.

आमच्या मते शेवटाची किल्ली इथे आहे. पहिल्या काही मिनिटांतच सिनेमाने सांगून ठेवलंय, की चेहऱ्यावरून ओळखायची पैज लागली आहे आणि निकाल जाहीर होणार नाही. आपण ते हसण्यावारी नेतो.

पुढे एकेक साधन निकामी होत जातं. पायाचा ठसा सापडतो, तर त्यावरून ट्रॅक्टर जातो. मग डू-मान एका मतिमंद मुलाचा बूट घेऊन ठसा स्वतःच तयार करतो. मारहाण करून कबुल्या घेतल्या जातात. खुनी अंगावर केस नसलेला असेल या तर्काने डू-मान सार्वजनिक स्नानगृहांत जाऊन बसतो. मांत्रिक बाईकडे जाऊन येतात. हे हास्यास्पद आहे आणि आपण हसतोही. पण त्या मतिमंद मुलाने खून प्रत्यक्ष पाहिलेला असतो हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. घाबरून पळताना तो रेल्वेखाली जातो. साक्षीदारालाच आरोपी करून मारायचं, याला काय म्हणायचं?

मग येतो पार्क ह्योन-ग्यू. कारखान्यात कारकुनी करणारा शांत, देखणा तरुण. पावसाळी रात्री रेडिओवर एक ठराविक गाणं लागतं, त्याची फर्माईश याचीच. वाचलेल्या बाईने सांगितलेले मऊ हात, ते याचेच. सगळं जुळतं. आता कागदवाला ते-युनच पेटतो. ज्या शाळकरी मुलीच्या पाठीवर त्याने स्वतः पट्टी चिकटवली होती, तीच मुलगी मेलेली सापडते, ती पट्टी तशीच. त्यानंतर त्याला पुरावा नको असतो, माणूस हवा असतो.

बोगद्यातला प्रसंग आठवा. पाऊस, रुळांवर पडलेला ह्योन-ग्यू, त्याच्यावर रोखलेलं पिस्तूल. आणि डू-मान धावत अमेरिकेहून आलेला अहवाल घेऊन येतो. कारण तेव्हा कोरियात डीएनए तपासणीची सोय नव्हती. अहवाल म्हणतो : जुळत नाही. कागद खोटं बोलत नाहीत म्हणणारा ते-युन म्हणतो, हा कागद खोटा. तेवढ्यात गाडी येते आणि कागदाच्या चिंध्या करून जाते. दोघांची अदलाबदल झाली बघा. नजरेवाल्याने कागद आणला, आणि कागदवाल्याने तो झिडकारला.

मग डू-मान ह्योन-ग्यूचा चेहरा धरून त्याच्या डोळ्यांत बघतो, आणि कबूल करतो की मला कळत नाही. त्यावर तो जे विचारतो त्याचा साधा मराठी अर्थ, ‘जेवतोस ना रे वेळेवर?’ हे वाक्य साँग कांग-होचं स्वतःचं, संहितेबाहेरचं. आपल्याकडेही ‘जेवलास का’ ही विचारपूसच असते ना, म्हणून मराठी माणसाला यातला पीळ लगेच जाणवावा. तू माणूस असशील तर जेवतोस कसा, आणि नसशील गुन्हेगार तर जेव बाबा नीट. दोन्ही एकाच वाक्यात.

आता स्वतःला खरंखरं विचारा. त्या क्षणी पिस्तूल झाडलं जावं असं वाटलं की नाही? आम्हाला वाटलं. दर वेळी बघताना वाटतं. संदिग्ध शेवट म्हणजे दिग्दर्शकाने हात झटकले, असं म्हणणाऱ्यांना आम्ही हेच सांगतो. बोंगने माहिती लपवलेली नाही. विरुद्ध पुरावा त्याने आपल्या हातात दिला होता, आणि तरी आपल्याला तोच मुलगा दोषी हवा होता.

शेवट २००३ मधला. सिनेमातलं साल आणि थिएटरबाहेरचं साल एकच. डू-मानने पोलिसाची नोकरी सोडली आहे, ज्यूसर विकतो. पहिलं प्रेत सापडलं त्या शेताजवळ गाडी थांबवतो, त्याच मोरीत वाकून बघतो. एक लहान मुलगी सांगते, मघाशी आणखी एक माणूस असाच बघत होता. पूर्वी इथे काहीतरी केलं होतं ते आठवलं, म्हणून आलो म्हणाला. दिसायला कसा होता? साधा. चारचौघांसारखा. आणि डू-मान वळून थेट कॅमेऱ्यात बघतो.

कोणाकडे? खुनी थिएटरात येऊन बसेल आणि त्याची नजर या नजरेला भिडेल, ही बोंगची कल्पना होती. हे नुसतं काव्य नव्हे. तेव्हा कोरियात खुनाच्या खटल्याची मुदत १५ वर्षांची होती, म्हणजे शेवटच्या खुनाची मुदत २००६ मध्ये संपणार होती. ती नजर तीन वर्षं शिल्लक असताना रोखलेली आहे.

मुदत संपली. खुनी सापडला तो २०१९ मध्ये, जपून ठेवलेल्या वस्तूंवरच्या डीएनएमुळे. ली चुन-जे. मेहुणीच्या खुनासाठी तो १९९४ पासून तुरुंगातच होता. त्याने ह्वासंगचे दहाही खून कबूल केले, शिवाय आणखी चार. मूळ तपासात त्याचीही चौकशी झाली होती, पण पोलिसांनी खुन्याचा रक्तगट ‘बी’ धरलेला आणि याचा ‘ओ’. सुटला. इथे कागदानेच दगा दिला.

पण त्या कबुलीने आणखी एक गोष्ट उघडी पडली. दहापैकी आठवा खून वेगळ्याच माणसाचा मानला गेला होता. त्यासाठी १९८९ मध्ये पोलिओने पाय अधू झालेल्या एका तरुणाला पकडलं. मारून, झोपू न देता कबुली घेतली. तो २० वर्षं तुरुंगात राहिला. डिसेंबर २०२० मध्ये फेरखटल्यात निर्दोष ठरला, तेव्हा तो पन्नाशी ओलांडलेला होता. सिनेमातल्या ज्या मारहाणीला आपण हसलो होतो, तिचं हे बाहेरच्या जगातलं बिल.

मग २०१९ नंतर शेवट बाद झाला का, असं बरेच जण विचारतात. ली चुन-जेने न्यायालयात सांगितलं की त्याने तुरुंगात हा सिनेमा पाहिला होता, आणि काहीही वाटलं नाही. म्हणजे ज्याच्यासाठी ती नजर रोखली होती त्याच्यापर्यंत ती पोचली, आणि आरपार निघून गेली. उरलो ते आपण, बोगद्यात गोळी झाडली जावी म्हणून वाट बघणारे. पुन्हा बघाल तेव्हा ठाण्यातल्या त्या दोन तरुणांपाशी जरा थांबा. आपण मनातल्या मनात कोणाला दोषी ठरवतो, आणि कशावरून, तेवढं बघा. पुढच्या वेळी फिंचरचा ‘झोडियाक’.