दात्रकोशिका पांडुरोग

दात्रकोशिका पांडुरोग : रक्तातील तांबड्या कोशिकांना विळ्यासारखा वक्र आकार येऊन त्यांचा अकाली नाश होणारा आनुवंशिक रोग. दात्र म्हणजे विळा. लोकव्यवहारात हा रोग ‘सिकल सेल’ या नावानेच ओळखला जातो. विदर्भात तो बराच आढळतो. यवतमाळ जिल्ह्यातील, तेलंगणाच्या सीमेलगतच्या केळापूर तालुक्यासारख्या आदिवासींची मोठी वस्ती असलेल्या भागात तो सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न बनला आहे.

कारण : शिकागो येथील वैद्य जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये या कोशिकांचे वर्णन प्रसिद्ध केले. लायनस पॉलिंग व त्यांचे सहकारी यांनी १९४९ मध्ये असे दाखविले की, रुग्णाचे रक्तारुण (हीमोग्लोबिन) विद्युत् क्षेत्रात निरोगी माणसाच्या रक्तारुणाहून वेगळ्या गतीने सरकते. रोगाचे मूळ एका रेणूतील बदलात असते, हे त्यावरून प्रथमच स्पष्ट झाले. हा बदल नेमका कोणता, हे व्हर्नॉन इनग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये केंब्रिज येथे शोधून काढले. रक्तारुणाच्या बीटा शृंखलेत १४६ ॲमिनो अम्ले असतात. त्यांपैकी सहाव्या स्थानी ग्लुटामिक अम्लाऐवजी व्हॅलीन येते. एवढ्या फरकाने कोशिकेचे आयुष्य बदलते.

कोशिकेचा मृत्यू : निरोगी तांबडी कोशिका सु. १२० दिवस जगते. तिच्यात केंद्रक नसते. तथापि तिचा शेवटही ठराविक रीतीने होतो. जीर्ण झालेल्या कोशिकेच्या पटलावर काही खुणा उमटतात. पटलाच्या आतील थरातील फॉस्फॅटिडिल सेरीन हे मेदद्रव्य बाहेरच्या थरात येणे, ही त्यांपैकी एक होय. अशा खुणा ओळखून प्लीहा व यकृत यांतील महाभक्षी कोशिका तिला गिळून टाकतात. इतर कोशिकांच्या नियोजित मृत्यूतही हीच खूण दिसते.

दात्रकोशिकेत ही वेळ फार लवकर येते. ऑक्सिजन सोडल्यावर बदललेल्या रक्तारुणाचे रेणू एकमेकांस चिकटून ताठर तंतू तयार होतात व कोशिका वाकते. ऑक्सिजन मिळताच ती पूर्ववत होते. पण पुनःपुन्हा वाकण्याने पटलाला इजा होते, आतील पाणी कमी होते आणि अखेर आकार कायमचा बिघडतो. तिचे आयुर्मान सु. १० ते २० दिवसांवर येते. काही कोशिका रक्तवाहिन्यांतच फुटतात.

लक्षणे : या नाशाची भरपाई अस्थिमज्जेकडून पुरेशी होत नाही व पांडुरोग होतो. रक्तारुणाच्या विघटनामुळे डोळे पिवळे दिसतात. ताठर कोशिका केशवाहिन्यांत अडकल्याने हाडे, छाती व पोट यांत तीव्र वेदना होतात. प्लीहा निकामी झाल्याने लहान मुलांना गंभीर जंतुसंसर्गाचा धोका असतो.

आनुवंशिकता व हिवताप : आईवडील दोघांकडूनही सदोष जीन मिळाल्यास रोग होतो, एकाकडूनच मिळाल्यास व्यक्ती वाहक ठरते व सामान्यतः निरोगी राहते. ए. सी. ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतील पाहणीवरून वाहकांना हिवतापापासून संरक्षण मिळते, असे दाखविले. हिवतापाचे परजीवी शिरलेली वाहकाची कोशिका लवकर वाकते व परजीवीसह नष्ट केली जाते, हे याचे एक कारण मानतात. म्हणजे कोशिकेचा जो अकाली मृत्यू रुग्णाला घातक ठरतो, तोच वाहकाला तारक ठरतो. हिवतापग्रस्त वनप्रदेशांत हा जीन पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिला, तो यामुळेच.

भारतातील आढळ : भारतात हा दोष १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींत व आसामच्या चहामळ्यांतील मजुरांत आढळला. मध्य भारतातील आढळाची नोंद शुक्ला व सोळंकी यांनी १९५८ मध्ये नागपूरहून केली. महाराष्ट्रात भिल्ल, पावरा, माडिया, परधान इ. जमातींत वाहकांचे प्रमाण अधिक आहे. केळापूर परिसरात परधान, गोंड व कोलाम यांची वस्ती आहे. मात्र विदर्भात अनुसूचित जाती व इतर समाजांतही हा जीन आढळत असल्याने तो केवळ आदिवासींचा रोग समजणे चूक आहे.

निदान व उपाय : विद्राव्यता चाचणीने दोष कळतो, रुग्ण व वाहक यांतील भेद विद्युत् संचारण चाचणीने निश्चित होतो. हायड्रॉक्सियूरिया या औषधाने गर्भीय रक्तारुण वाढते, तंतू बनण्यास अडथळा येतो व वेदनांचे झटके कमी होतात. अस्थिमज्जा प्रतिरोपणाने रोग बरा होऊ शकतो. जीन-संपादनावर आधारलेल्या उपचारास २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिका येथे मान्यता मिळाली. तथापि तो अत्यंत महाग आहे. भारतात १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय निर्मूलन अभियान सुरू झाले असून त्यात ७ कोटी लोकांच्या तपासणीचे व २०४७ पर्यंत निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे.

दोन वाहकांचा विवाह झाल्यास प्रत्येक अपत्याला रोग होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहक व निर्दोष व्यक्ती यांच्या अपत्यांना हा रोग होत नाही. यामुळे विवाहापूर्वी रक्ततपासणी करणे हिताचे ठरते. मात्र वाहक असणे म्हणजे रोगी असणे नव्हे, ही समज रुजली नाही, तर बहिष्काराच्या भीतीने लोक तपासणीच टाळतात व रोगी बालकाचे निदान उशिरा होते.