अमेरिकेंतील कौंटी-कमिशनरची निवडणूक

गेल्या वर्षीं नववीच्या वर्गांत उत्तर अमेरिकेचा नकाशा पुढें ठेवून मी संयुक्त संस्थानांतील मोंटाना राज्याची माहिती सांगत होतों. तेथील राज्याचे कौंटी नांवाचे विभाग असतात, व ते साधारणतः आपल्या जिल्ह्यांसारखे असतात, असें म्हणतांच मागल्या बाकावरून प्रश्न आला, "सर, मग तेथला कलेक्टर कोण?" कलेक्टर नाहीं, तीन कमिशनर असतात व त्यांस लोक निवडून देतात, असें मीं उत्तर दिलें. "आणि त्यांच्या वर कोण?" ह्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर तासाच्या उरलेल्या पांच मिनिटांत देणें शक्य नव्हतें. तें येथें देण्याचा प्रयत्न करतों.

उदाहरणादाखल गारफील्ड ही एकच कौंटी घेऊं. ती मोंटानाच्या पूर्व भागांत आहे. तिचें क्षेत्रफळ सुमारें ४,८०० चौरस मैल, म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्याहून मोठें. साताऱ्यांत २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें तीस लाख लोक होते. गारफील्डमध्यें २०२० सालीं १,१७३ होते. दर माणसामागें चार चौरस मैल जमीन! एखाद्या मोठ्या हायस्कुलाच्या पटावर जितकीं नांवें असतात तितकीच ह्या सबंध कौंटीची वस्ती. जॉर्डन हें तिचें मुख्य ठिकाण. तेथवर आगगाडी कधींच पोंचली नाहीं, आणि जरा मोठें म्हणावें असें माइल्स सिटी हें गांव तेथून सुमारें ऐंशीं मैल दूर आहे. (विद्यार्थ्यांस आवडेल म्हणून सांगतों: ज्या सांगाड्यावरून टिरॅनोसॉरस रेक्स ह्या प्रचंड प्राण्यास १९०५ सालीं नांव मिळालें, तो बार्नम ब्राउन ह्या संशोधकास १९०२ सालीं ह्याच मुलुखांत सांपडला.)

ही कौंटी निर्माण कशी झाली हें कळल्यावांचून तिची आजची अडचण कळावयाची नाहीं. १९०९ च्या कायद्यानें कोरडवाहू मुलुखांत वसाहत करणाऱ्यास ३२० एकर सरकारी जमीन मिळूं लागली, व लोकांच्या झुंडी मोंटानांत लोटल्या. प्रत्येक नव्या वस्तीस कचेरी जवळ हवी होती. १९१० सालीं मोंटानांत २८ कौंट्या होत्या. १९२५ सालीं त्या ५६ झाल्या. गारफील्ड ही त्यांपैकींच एक, स्थापना १९१९ ची. परंतु त्याच सुमारास पाऊस दगा देऊं लागला होता. १९२० सालीं येथें पांच हजारांहून अधिक लोक होते. मग एकेक कुटुंब सामान बांधून निघून गेलें. जे राहिले त्यांनीं गेलेल्यांच्या जमिनी घेतल्या, व गहूं आणि गुरेंमेंढरें ह्यांवर ते जगूं लागले. माणसें गेलीं, पण कौंटीचा विस्तार तितकाच राहिला, व दूरदूरच्या घरांस जोडणारे रस्तेही राखावे लागले. खर्च एका बाजूस व कर देणारे दुसऱ्या बाजूस, असा हा तराजू तेव्हांपासून कललेलाच आहे.

आतां कमिशनरांचें काम. एक जुलैपासून सुरू होणाऱ्या वर्षाचें अंदाजपत्रक ते तिघे ठरवितात व मालमत्तेवरील कर बसवितात. हा कर 'मिल' ह्या मापानें मोजतात. करपात्र मूल्याच्या दर हजार डॉलरांमागें एक डॉलर म्हणजे एक मिल. श्रीमंत शहराच्या कौंटींत एका मिलनें लक्षावधि डॉलर जमतात, उजाड कौंटींत त्यांतून फारसें कांहीं हातीं लागत नाहीं. शिवाय कर मनास येईल तसा वाढवितां येत नाहीं. राज्याच्या कायद्यानें त्यास मर्यादा घातलेली आहे. उत्तरेस मिसूरी नदीच्या कांठीं चार्ल्स रसेल ह्या चित्रकाराच्या नांवाचें सुमारें अकरा लाख एकरांचें अभयारण्य आहे, त्याचा मोठा भाग ह्या कौंटींत येतो. मध्यवर्ती सरकारच्या जमिनीवर कौंटीस कर बसवितां येत नाहीं. त्याची थोडी भरपाई १९७६ च्या एका कायद्यान्वयें मिळते; ती किती मिळेल हें मात्र दूर वॉशिंग्टनमध्यें ठरतें.

ह्या पैशांतून रस्ते, पूल, मोऱ्या, बर्फ दूर सारणारीं यंत्रें, पिकांस व चाऱ्यास घातक अशा तणांचा नायनाट, सार्वजनिक आरोग्य, तुरुंग, जत्रेचें मैदान, सर्व चालवावयाचें. गंमत अशी कीं शेरीफ, खजिनदार, सरकारी वकील हेही लोकांनीं वेगळे निवडलेले असतात. त्यांच्या खर्चाची रक्कम कमिशनर ठरवितात, परंतु शेरीफास "अमक्यास पकड" अशी आज्ञा ते करूं शकत नाहींत. शाळांचे विश्वस्त निराळेच. तेव्हां "वर कोण" ह्याचें उत्तर असें, कीं वर राज्याचा कायदा आहे, बाजूस स्वतंत्र अधिकारी आहेत, आणि खालीं मतदार आहेत. आपल्याकडे १९६२ पासून जिल्हा परिषदा आहेत व त्यांचा अध्यक्ष निवडलेला असतो. पण त्याच्या जोडीस सरकारनें नेमलेला मुख्य कार्यकारी अधिकारी असतो. गारफील्डच्या कमिशनरास तशी जोड नाहीं. रस्ता खचला कीं दूरध्वनि त्याच्याच घरीं वाजतो, आणि तोही बहुधा जेवणाच्या वेळीं.

अशा जागेसाठीं उभें राहावयाचें म्हणजे काय? कमिशनरची मुदत सहा वर्षांची असते. (मला ही जरा लांब वाटते.) मुदती एकमेकींपुढें अशा सरकविलेल्या असतात कीं दर दोन वर्षांनीं एकच जागा रिकामी व्हावी, त्यामुळें तिघेही एकदम नवखे असा प्रसंग सहसा येत नाहीं. उमेदवार ठराविक भागाचा रहिवासी पाहिजे, पण मत सबंध कौंटी देते. मार्चच्या आरंभापर्यंत अर्ज भरावयाचा, जूनमध्यें पक्षांतर्गत प्राथमिक निवडणूक, व नोव्हेंबरमध्यें अखेरची. २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकींत ह्या कौंटीनें दहांपैकीं नऊहून अधिक मतें रिपब्लिकन पक्षास दिलीं. अशा ठिकाणीं खरा सामना नोव्हेंबरांत होत नाहीं, तो जूनमध्येंच होऊन जातो. मोंटानाचा नियम ह्या बाबतींत उदार आहे. मतदारास सर्व पक्षांच्या पत्रिका मिळतात. त्यांतील कोणती भरली हें त्याचें त्यासच ठाऊक.

अर्ज भरण्याचे दिवस म्हणजे गाई विण्याचा हंगाम, आणि प्रचाराचे दिवस म्हणजे वासरांस डाग देण्याचा. उमेदवार स्वतःही बहुधा गुरें पाळणारा किंवा शेतकरीच, तेव्हां तोही रात्र गोठ्यांत काढून आलेला. सभा व मिरवणुका कोणासाठीं भरवावयाच्या? तो आपली मोटार काढतो व एका घरून दुसऱ्या घरीं दहा-वीस मैल जातो. तेथील माती पाऊस पडला कीं चाकांस लगदा होऊन चिकटते; आपल्या काळ्या रानांतून पावसाळ्यांत बैलगाडी हांकलेल्या पालकांस अधिक सांगावयास नको. घरीं पोंचल्यावर यजमान कॉफी देतो व मग विचारतो, "आमच्या रस्त्यावर खडी केव्हां पडणार?"

ह्या एका प्रश्नांत सारी निवडणूक आहे. खडी टाकणारें यंत्र व तें चालविणारे हात मोजके. ह्या घरास होय म्हटलें तर पलीकडल्या खोऱ्यांतील तीन घरांस नाहीं म्हणावें लागतें, आणि त्या तिघांपैकीं एक उमेदवाराचा मेहुणा असण्याचा संभव पुष्कळ. शहरांतला उमेदवार अनोळखी गर्दीस वचनें देतो व गर्दी तीं विसरते. येथें मतदार म्हणजे त्याच्या मुलांचे वर्गमित्र, त्याच्या कुंपणापलीकडचा शेजारी, गेल्या हिंवाळ्यांत बर्फांत रुतलेली त्याची मोटार ओढून काढणारा गृहस्थ. त्याचे आजोबा कसे होते हेंही लोकांस माहीत असतें. खोटें बोलणें येथें महाग पडतें. खरें बोलणेंही स्वस्त नाहीं. "तुमचा लांकडी पूल दुरुस्त करण्यापेक्षां बंद करावा लागेल," असें कॉफीचा पेला हातांत घेऊन तोंडावर सांगणाऱ्यास मी तरी शूर म्हणेन. कांहीं उमेदवार तें सांगतात, कांहीं विषय बदलतात, आणि मोजकेच मतदार असल्यानें पांच-सहा घरांची नाराजीही निकाल फिरवूं शकते.

निवडून आल्यावर एक चमत्कारिक बंधन येतें. मोंटानाच्या १९७२ च्या राज्यघटनेनें लोकांस सरकारी कामकाज पाहण्याचा हक्क दिला आहे. तिघांपैकीं दोघे जमले कीं गणसंख्या पुरी होते. म्हणून दोन कमिशनर खाणावळींत एका टेबलाशीं बसले तरी कौंटीच्या कामाविषयीं त्यांनीं आपसांत बोलूं नये. ती सभा ठरते, आणि सभेची सूचना लोकांस आगाऊ दिलेली असली पाहिजे. तेव्हां ते गुरांचे भाव व पाऊस ह्यांवर बोलतात.

हा लेख वर्गांत वाचून दाखविला तेव्हां त्याच मुलानें विचारलें, "सर, हरलेला मनुष्य काय करतो?" जुलै २०१७ मध्यें ह्या कौंटींत व शेजारच्या भागांत लॉजपोल नांवानें ओळखला जाणारा वणवा पेटला; त्यांत सुमारें २ लाख ७० हजार एकर रान जळलें व कित्येक घरें गेलीं. गुरें राखणारे लोक आपापल्या मोटारींवर पाण्याच्या टांक्या चढवून आगीकडे धांवले. त्या धुरांत कोणी कोणास मत दिलें होतें हें विचारावयास सवड कोणास होती?