मंत्रांची जडणघडण (५) : ‘रं’ म्हणजे अग्नी?

गणेश चतुर्थीला पाटावर मूर्ती बसली की पूजेआधी गुरुजी यजमानाला मूर्तीच्या हृदयाला हात लावायला सांगतात आणि अक्षरांची एक रांग भराभर म्हणून टाकतात : आं ह्रीं क्रों, मग यं रं लं वं शं षं सं हं... अथर्वशीर्षाला सगळं घर सुरात येतं, इथे मात्र कुणी तोंड उघडत नाही. खरं तर मातीचा देव होतो तो इथेच.

या प्राणप्रतिष्ठेच्या मंत्राच्या विनियोगातच सांगितलेलं असतं की आं हे बीज, ह्रीं ही शक्ती आणि क्रों हे कीलक. तंत्रग्रंथ आं ला पाशबीज म्हणतात, ह्रीं ला मायाबीज आणि क्रों ला अंकुशबीज. पाश आणि अंकुश तर गणपतीच्याच हातातले, तेव्हा मंत्र खास त्याचा असावा असं वाटतं. तसं नाही. इतर देवतांच्या मूर्तींची प्राणप्रतिष्ठाही याच अक्षरांनी होते.

पुढच्या यं-रं-लं-वं कडे मात्र जरा थांबून पाहायला हवं. मातृकान्यासात, म्हणजे वर्णमालेतली अक्षरं अंगावर ठेवण्याच्या विधीत, यं पासून सं पर्यंतची सात अक्षरं शरीराच्या सात धातूंना वाटून दिलेली आहेत : यं त्वचा, रं रक्त, लं मांस, वं मेद, शं अस्थी, षं मज्जा, सं शुक्र. मूर्तीसमोर तीच अक्षरं त्याच क्रमानं येतात. मातीला कातडी, रक्त, मांस चढवत न्यावं तसा हा क्रम आहे.

आता भूतशुद्धी पाहा. पूजेला बसलेला साधक आधी स्वतःचा देह मनानं मोडतो आणि पुन्हा घडवतो. यं नं तो वाळवायचा, रं नं जाळायचा, वं नं अमृत शिंपायचं, लं नं घट्ट करायचा. इथे यं वायू आहे, रं अग्नी, वं जल, लं पृथ्वी. मानसपूजेत पुन्हा हीच अक्षरं, जोडीला आकाशाचं हं : लं म्हणत गंध, हं म्हणत फूल, यं म्हणत धूप, रं म्हणत दीप, वं म्हणत नैवेद्य.

म्हणजे रं एकाच सकाळी रक्तही असतो, आगही आणि समईची वातही. फोनवर फिरणारे ‘बीजमंत्र आणि त्यांचे अर्थ’ असे तक्ते मला म्हणूनच पटत नाहीत. बीज कुठे ठेवलं, कशाच्या आधी, कोणत्या अवयवावर, यावर त्याचं काम ठरतं. मंत्र निरर्थक असतात असं म्हणणारा कौत्स यास्काच्या निरुक्तात भेटतो. यास्क त्याला खोडून काढतो. तो वाद वेदमंत्रांचा होता. बीजांपुरतं बोलायचं, तर कौत्साच्या म्हणण्यात निम्मं तथ्य आहे.

न्यासात तर हे बोटांवर मोजून दिसतं. गणपतीचं बीज गं. त्याचा स्वर दीर्घ करत सहा रूपं होतात : गां गीं गूं गैं गौं गः. करन्यासात ती अंगठ्यापासून करंगळीपर्यंत जातात, सहावं तळहात-मळहातावर. मग हीच सहा हृदय, मस्तक, शेंडी, कवच, नेत्र आणि अस्त्र या ठिकाणी. शेवटच्या जागी ‘फट्’ म्हणत टाळी वाजते. व्यंजन देवतेचं, स्वर जागेचा. इतकी काटेकोर मांडणी पाहिली की हा नुसता जादूटोणा नव्हे, ही रचना कुणीतरी व्याकरण पक्कं असलेल्यानं बसवली आहे, असंच मला वाटतं.

गं ची घडण अथर्वशीर्ष मोकळेपणानं सांगतं : आधी गकार, मग अकार, मग अनुस्वार, वर बिंदू. ऐकणाऱ्या कुणालाही ते जुळवता येतं. देवी अथर्वशीर्षात ह्रीं ची घडण मात्र सांकेतिक शब्दांत आहे : ह साठी आकाश, र साठी अग्नी, सोबत ईकार, वर चंद्रकोर. भूतशुद्धीतलं नातं ज्याला ठाऊक, त्यालाच हे कूट सुटेल. एका देवतेचं बीज उघड आणि दुसरीचं झाकलेलं का, ते पुढच्या आठवड्यात.